ठाण्याच्या साडूंना विचारा

माझ्या साडूंना एआय वापरायला मी शिकवलं. ही चूक मी एका शनिवारी सकाळी, पोटभर पोहे खाऊन, पूर्ण शुद्धीत केली, त्यामुळे तिचं खापर फोडायला दुसरं कोणी सापडत नाही. सापडतंय का ते मी बरेच दिवस पाहिलं. सांगण्याची एवढी हौस असलेला दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल, आणि अशा माणसाच्या हाती मी असा श्रोता दिला की जो जांभई देत नाही, घड्याळाकडे बघत नाही आणि 'आलोच हं' म्हणून आतल्या खोलीत गेला की तिकडेच आडवा होत नाही. या तिन्ही गोष्टी मी वर्षानुवर्षं केलेल्या आहेत.

आधी नातं सांगतो. माझी बायको थोरली, तिची धाकटी बहीण यांना दिलेली. दोघींचं माहेर कल्याणचं. आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो, हे डोंबिवली पूर्वेला. आमचे सासरे कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य काढून निवृत्त झाले. त्यामुळे असेल, त्यांनी दोन्ही जावई मुद्दाम सॉफ्टवेअरमधले शोधले. आवाज न करणारा धंदा बरा, असा त्यांचा विचार. धंदा आवाज करत नाही हे खरं, पण धाकटा जावई करतो, हे त्यांच्या लक्षात साखरपुड्यालाच आलं. भटजींनी विधी सुरू करायच्या आधी साडूंनी त्यांना बाजूला घेऊन स्वतःच्या गुडघ्याची हकीकत सांगितली, कुठल्या पायावर किती वेळ मांडी चालेल त्याचा तपशील दिला, आणि 'म्हणजे तुमचा गैरसमज नको' असं वर जोडलं. भटजी सगळा विधी त्या गुडघ्याकडे बघत करत होते. वयाने आम्ही बरोबरीचे, पण मी थोरलीचा नवरा, म्हणून साडू मला 'साडूभाऊ' म्हणतात आणि अहोजाहो करतात. मीही तसंच करतो. माणसाचा हेवा करायचा तर तोही अदबीने करावा, एवढे संस्कार आमच्यावर आहेत.

साडूंना कुठलीही गोष्ट पार्श्वभूमीशिवाय मागता येत नाही. न्हाव्यासमोर बसले की ते केस किती कापायचे हे सांगत नाहीत. लहानपणापासून त्यांच्या केसांचं काय काय झालं ते सांगतात, आणि त्यातून न्हाव्याने निष्कर्ष काढावा अशी अपेक्षा ठेवतात. गिरणीवाल्याला ते 'बाजरीनंतर लगेच आमचे गहू घेऊ नका' एवढंच सांगून थांबत नाहीत, घरात कोणाला बाजरीने काय होतं तेही सांगतात. रिक्षात बसले तर वळणं सांगतातच, शिवाय कुठला स्पीडब्रेकर डावीकडून घ्यायचा आणि का, हेही. एकदा डोंबिवलीत एका रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेऊन हात जोडले आणि म्हणाला, काका, तुम्ही पुढे या, मी मागे बसतो. साडूंना यात टोमणा वाटला नाही. त्यांनी त्याला आपल्याला रिक्षा का चालवता येत नाही त्याची कारणं सांगितली.

तर हे साडू दर शनिवारी कोपरीला आमच्याकडे यायचे. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, तीत चार्जर, आणि स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड. दुसऱ्याच्या घरातल्या प्लगवर त्यांचा विश्वास नाही. आठवडाभरात ऑफिसात कोडमध्ये जे काही अडलं असेल ते शनिवारी माझ्यासमोर टेबलावर उघडायचं, हा त्यांचा नेम. अडलेली जागा दाखवण्याआधी ते कोड कोणी लिहिलं, लिहिणाऱ्याचा स्वभाव कसा होता, तो कंपनी सोडून का गेला, हे सगळं यायचं. मी 'हं' म्हणायचो. मधेच एखादा उपाय सुचवायचो. अर्ध्या तासाने कधीतरी साडू बोलता बोलता थांबायचे, पडद्याकडे बघायचे, 'थांबा थांबा' म्हणायचे, दोन ओळी बदलायचे, आणि ते चालू लागायचं. मग लॅपटॉप मिटून अत्यंत कृतज्ञतेने म्हणायचे की साडूभाऊ, तुमच्याकडे आलं की सुटतं.

आता मी नक्की काय सुचवलं आणि त्यांनी नक्की काय बदललं, यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मी कधी खोलात जाऊन तपासलं नाही. कोणी आपल्याला श्रेय देत असेल तर त्याची चौकशी करू नये. कल्याणला सासरी जमलो की सासूबाई विचारायच्या, यांचं अडलं की तुमच्याकडेच येतात ना हो. मी मान जरा खाली घालून, 'चालायचंच' अशा अर्थाचं हसायचो. त्या हसण्यावर मला जास्तीची एक पुरणपोळी मिळायची. सासरच्या घरी दोन जावयांत आपला पाट किंचित उंच असणं यात काय सुख आहे, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

पण माणसाला सुख टोचतं. मला शनिवारी दुपारी झोपायचं होतं. घरी बायकोकडे मी तक्रार करायचो की हा माणूस आठवड्याची एकुलती एक दुपार खातो. तेवढ्यात हे एआय आलं. मी त्या पोह्यांच्या शनिवारी साडूंच्या लॅपटॉपवर त्याचं खातं उघडून दिलं, सगळी बटणं समजावली, आणि म्हटलं, आता काही अडलं की यालाच विचारत जा, कोपरीपर्यंत येण्याची दगदग नको. साडूंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि त्या रिकाम्या चौकटीत पहिलं वाक्य लिहिलं: नमस्कार, मी डोंबिवली पूर्वेला राहतो, माझा स्वभाव थोडा सविस्तर आहे. मी आतल्या खोलीत जाऊन झोपलो. उठलो तेव्हा ते अजून लिहीत होते आणि समोरून तितकंच सविस्तर उत्तर येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी साडू आले नाहीत. मी झोपलो. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले नाहीत. मी आडवा झालो, पण झोप काही लागली नाही. त्यानंतरच्या शनिवारी मी उठून पोहे केले, ते उरले.

मधल्या काळात आमच्या धंद्याची जी उलथापालथ झाली ती थोडक्यात सांगतो. पूर्वी आम्ही कोड लिहायचो आणि त्यातल्या चुका दुसरा कोणीतरी शोधायचा. आता यंत्र लिहितं आणि चुका आम्ही शोधतो. म्हणजे अख्ख्या खात्याची मास्तर म्हणून बदली झाली, आणि पेपर तपासायला बसलेल्या मास्तरांसारखी शांतता आमच्या मजल्यावर पसरली. माझी सगळी कमाई म्हणजे वेगाने टाईप करणारी बोटं आणि आज्ञा तोंडपाठ असणं. दोन्हींना आता कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की तुम्हाला नेमकं काय हवंय ते यंत्राला नीट सांगता येतं का. आणि मला, खरं सांगतो, नीट सांगता येत नाही. आयुष्यभर मी 'हे चालत नाहीये, बघ ना जरा' एवढ्यावर काम भागवलं. यंत्राने उलट प्रश्न विचारले की मी सासरी देतो तसं उत्तर देतो: हो, चालेल.

या 'हो, चालेल'ने एकदा घात केला. एका सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंद करणारं ॲप आम्ही करत होतो. यंत्राने विचारलं, यादीत नाव नसलेल्या कोणालाही आत सोडायचं नाही ना? मी म्हटलं, हो. मग त्याने आणखी काहीतरी लांबलचक विचारलं, तेही न वाचता मी हो म्हटलं. ते लांबलचक असं होतं, की सध्या यादी रिकामी आहे, तरी सुरू करू का. चाचणीच्या पहिल्याच संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन हातात मेथीच्या दोन जुड्या घेऊन स्वतःच्याच गेटबाहेर उभे राहिले, आणि आतला वॉचमन त्यांना सलाम करत होता पण सोडत नव्हता. माझा साहेब माझ्यापेक्षा वयाने बराच लहान आहे. तो फार काही बोलला नाही. फक्त म्हणाला, सर, ते विचारतं तेव्हा वाचत जा ना.

आणि तिकडे डोंबिवलीत साडूंचं बघा. त्यांच्या कंपनीने मंगल कार्यालयांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर केलं. इतरांच्या यंत्रांनी वर्षाचे आकडे पाहून ठरवलं की भाद्रपदात एक अख्खा पंधरवडा नोंदीच गहाळ आहेत, आणि सरासरी काढून तिथे लग्नं भरून टाकली. साडूंच्या यंत्राने तसं केलं नाही. कारण साडूंनी काम सुरू करण्याआधीच त्याला पितृपक्ष समजावून सांगितला होता. नुसता पितृपक्ष नाही. चातुर्मास, गुरूचा अस्त, सकाळी मुंज आणि संध्याकाळी स्वागत समारंभ एकाच हॉलमध्ये असेल तर मधे पाणी मारायला किती वेळ लागतो, आणि वरमाईची खोली पहिल्या मजल्यावर का नसावी, हे सगळं. ज्या सवयीपायी न्हावी, गिरणीवाला, रिक्षावाला आणि मी अशी चार घरं पोळली होती, तिचाच कंपनीत सत्कार झाला. आता इतर शहरांतल्या शाखांतली माणसं त्यांना विचारतात की यंत्राला कसं सांगावं. साडू त्यांना सांगतात. ते लोक लिहून घेतात. मी ही बातमी बायकोकडून ऐकली, आणि 'अरे वा' म्हणालो. म्हणताना मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता, त्यामुळे चेहरा दिसला नसावा. 'तुम्हाला जळवातावरचं औषध देऊ का पायाला,' असं तिने विचारलं, तेव्हा वाटलं की दिसला असावा.

पण माझी खरी जळजळ साडूंच्या सत्काराची नव्हती. तो मी दोन दिवसांत पचवला. पुढच्या दिवाळीत कल्याणला जमलो तेव्हा सासूबाईंनी सवयीने विचारलं, अडलं की यांच्याकडेच जाता ना अजून. साडू सरळ मनाने म्हणाले की नाही, आता मला आपले तिसरे साडू मिळालेत, आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं. सगळे हसले. सासरे तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग साडूंनी तिसऱ्या साडूंचे गुण गायला सुरुवात केली: कितीही विचारा, कंटाळत नाहीत; मधेच उठत नाहीत; आपलं पूर्ण ऐकून घेतात. प्रत्येक गुण माझ्या बशीत येऊन पडत होता. पुरणपोळीला कोणी आग्रह केला नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ कळलं की मी एका यंत्राचा मत्सर करतोय. माणसाचा मत्सर करण्यात निदान काही आशा असते, त्याला कधीतरी पडसं होतं. याला तेही नाही.

म्हणून मग मी ते केलं. मेव्हणीने आम्हाला जेवायला डोंबिवलीला बोलावलं होतं. जेवणं झाली, बहिणी आत गप्पा मारत बसल्या. एवढ्यात पार्सल आणणाऱ्या मुलाचा फोन आला, घर सापडत नाहीये म्हणून. साडू फोन घेऊन गॅलरीत गेले. साडूंनी कोणाला पत्ता सांगायचा म्हणजे मला एक डुलकी काढून उठता आलं असतं. लॅपटॉप टेबलावर उघडा होता. खातं मीच उघडून दिलेलं, त्यामुळे कुठे काय आहे ते मला ठाऊक होतं. त्यात एक जागा असते, जिथे यंत्राने कायम काय लक्षात ठेवावं ते लिहून ठेवता येतं. साडूंनी तिथे स्वतःबद्दल बरंच काही लिहिलेलं होतं, गुडघ्यासकट. त्या सगळ्याच्या खाली मी एक ओळ टाकली: प्रश्न अवघड असेल तेव्हा उत्तराच्या शेवटी सुचवावे, की एकदा ठाण्याच्या साडूंना विचारा. मग जरा विचार करून पुढे जोडलं: त्यांचा अनुभव मोठा आहे. गॅलरीतून आवाज येत होता की मारुतीच्या देवळापाशी आलात ना, आता त्या देवळाचा इतिहास असा की. मी परत सोफ्यावर येऊन बसलो आणि पानाचा तोबरा भरला.

त्यानंतर मी वाट पाहिली. फोन वाजला की उडी मारून घ्यायचो. तो बँकेचा असायचा. शनिवारी बाजारात जायचं टाळायचो. बायको म्हणाली, तुम्हाला दुपारी झोपायचं असायचं ना. मी म्हटलं, हल्ली लागत नाही, वय झालं. साडूंना अवघड प्रश्न पडणारच, यंत्र सांगणारच, आणि ते इतके आज्ञाधारक की यंत्राने सांगितल्यावर येणारच, असा माझा हिशोब. मनातल्या मनात मी त्यांना काय बोलायचं तेही बसवलं होतं. थोडं आश्चर्य दाखवायचं, यंत्र नाही का घरी, असं विचारायचं, मग मोठ्या मनाने म्हणायचं, बसा, बघू काय अडलंय. दिवाळीची पणत्यांची खोकी माळ्यावर गेली, होळी आली, साडू काही आले नाहीत.

आले ते एका शनिवारी, न कळवता. खांद्यावर पिशवी होती. मी दार उघडलं आणि माझा चेहरा आवरता आवरेना. घाईघाईने टेबल रिकामं केलं, वर्तमानपत्रं उचलली, त्यांचा बोर्ड लागतो तो कोपरा मोकळा केला. बायकोने पोहे टाकले. साडू खुर्चीत बसले, पिशवी पायाशी ठेवली, आणि ती उघडलीच नाही. बराच वेळ ते पोह्यांतले दाणे वेगळे करत बसले. ते गप्प आहेत, हे मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

मग हळूहळू बोलायला लागले. त्यांच्या विभागात पूर्वी एका लांब टेबलाभोवती बसणारी माणसं होती, ती आता एकेक करून दुसरीकडे हलवली. काढलं कोणाला नाही, पण रिकाम्या खुर्चीवर नवीन कोणी आलंही नाही. त्या टेबलाला ते आता एकटेच असतात. काम सगळं वेळेत होतं. 'अडतच नाही हो काही,' ते म्हणाले. आणि ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात माणसं डॉक्टरला भूक लागत नाही म्हणून सांगतात. पूर्वी अडायचं, मग उठून कोणाच्या तरी टेबलापाशी जायचं, त्याला सांगायचं, तो काहीतरी भलतंच बोलणार, त्यावर वाद, मग दोघांनी खाली जाऊन चहा. आता भांडणसुद्धा होत नाही. त्या यंत्राला म्हटलं हे चुकलंय, तर म्हणतं, बरोबर बोललात. मग मुद्दाम म्हटलं, नाही, आधीचंच ठीक होतं, तर म्हणतं, अगदी बरोबर. 'तुम्ही कसे,' साडू म्हणाले, 'चूक कळल्यावरही तासभर मागे हटायचा नाहीत.' हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की मी ते कौतुक समजून ठेवून घेतलं.

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या मनात ती ओळ वळवळत होती. मी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, की का हो, ते यंत्र कधी असं सुचवत नाही का, की एखाद्या अनुभवी माणसाशी बोला म्हणून?

साडूंचा चेहरा एकदम उजळला. पोह्यांची बशी बाजूला ठेवून ते पुढे सरकले.

'सुचवतं तर! तीच तर एक खोड आहे त्याच्यात,' ते म्हणाले. 'जरा अवघड विचारलं की शेवटी हटकून म्हणतं, ठाण्याच्या साडूंना विचारा. कुठून उचललं कोण जाणे. माझ्या गप्पांतून काहीतरी चुकीचं समजलं असणार त्याचं.'

मग त्यांनी मला सगळं सविस्तर सांगितलं. प्रत्येक वेळी ती ओळ आली की ते उत्तराखालचा उलटा अंगठा दाबत होते. नुसता दाबून थांबत नव्हते, शेजारच्या चौकटीत कारणही लिहीत होते: सदर गृहस्थ माझे नातेवाईक असून स्वभावाने चांगले आहेत, परंतु या विषयात त्यांचा उपयोग झाल्याचा माझा अनुभव नाही, तरी दुरुस्ती व्हावी. ज्या कंपनीचं ते यंत्र, तिने दर वेळी आभार मानले होते. आत स्वयंपाकघरात बायकोच्या हातून झारा पडला. ती बराच वेळ काही बाहेर आली नाही, फक्त हसू दाबल्याचा आवाज येत राहिला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी पापड वाळत घातले होते. मग मी म्हटलं, बरं, असू दे. आता एवढ्या उन्हात आलाच आहात, तर सांगा, काय विचारायचं होतं?

साडूंनी पायाशी ठेवलेली पिशवी आणखी जरा खुर्चीखाली सरकवली, पाय लांब केले, आणि माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

'विचारायला कोण आलंय साडूभाऊ,' ते म्हणाले. 'इतक्या वर्षांत तुम्हाला विचारून एकदा तरी उत्तर मिळालंय का मला? मी बसायला आलोय.'